जामसरच्या विहिरीची बाटली

जव्हारच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेतून पुष्पलता पुढच्या महिन्यात निवृत्त होणार. आता यंत्राचं बटण दाबलं की आकडा येतो. तिला मात्र अजून जुनी ब्युरेट आठवते. थेंब थेंब सोडायचा, श्वास रोखायचा, रंग पालटला की तिथंच हात थांबवायचा. एक थेंब जास्त पडला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. काय दिवस होते ते! साखरशेत गावच्या शेतकऱ्याची ही पोर पांढरा कोट घालून मिरवायची, आणि खरं सांगायचं तर थोडी शेफारलीही होती.

पहिल्याच वर्षी, ऐन मे महिन्यात, जामसरच्या एका पाड्यावरून विहिरीच्या पाण्याची बाटली आली. पाण्यात क्षार बेसुमार. तिने तीनदा तपासलं, तिन्ही वेळा आकडा तोच. तिने सही ठोकली आणि विहिरीवर लाल फुली पडली. पाड्यावरच्या बाया हंडे घेऊन दरीत उतरू लागल्या.

पंधरा दिवसांनी फेरतपासणीला ती स्वतःच गेली. विहिरीशेजारच्या म्हाताऱ्या लाडकीने तिला बसवलं, तिच्या हातातली कोरी बाटली घेतली आणि आत चुलीतली राख घालून खसाखसा घासायला लागली.

"आये, हे काय करतेस?"

"मागली पन अशीच घासली. पावन्यांना पानी द्याचा, न् भांडा बिनघासलेला देऊ का, बाय?"

पुष्पलताच्या लक्षात आलं, तो आकडा विहिरीचा नव्हता, राखेतल्या क्षारांचा होता. तिची आई कोंडीसुद्धा पाहुण्यांचा तांब्या असाच घासायची. हे तिला नाही कळायचं तर कुणाला? दुसऱ्या बाटलीत तिने स्वतः पाणी भरलं. ते उत्तम निघालं.

आता अहवाल लिहायचा होता. नोकरी अजून कायम झाली नव्हती. "गावकऱ्यांची चूक" लिहून मोकळी हो, असं वरिष्ठांनी सुचवलं. तिचा हात चुकला नव्हता, हेही खरं. पण बाटली कुणी, कशी भरली, हे तिने विचारलंच नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली. तिने लिहिलं, "चूक तपासणाऱ्याची." नोकरी कायम व्हायला आणखी एक वर्ष लागलं.

फुली पुसली त्या दिवशी ती पाड्यावर गेली होती. लाडकीने हंडा भरता भरता विचारलं, "बाय, पानी कशानी सुधारला?"

"पाणी चांगलंच होतं, आये," पुष्पलता म्हणाली. "मीच चुकले."