न हसलेले अनारसे

परवा शेजारून तुपात तळलेल्या खसखशीचा वास आला आणि मी थेट नव्वद सालच्या भाईंदरला पोचले.

गोडदेवच्या आमच्या नव्या फ्लॅटवर सासूबाई पहिल्यांदाच चहाला येणार होत्या आणि मी हट्टाने अनारसे करायला घेतले होते. पहिला अनारसा तुपात सोडला आणि तो हसला, म्हणजे विरघळून त्याचा नुसता चुरा झाला. दुसरा, तिसराही तसाच. मला रडूच फुटलं. तेवढ्यात आमच्या इमारतीमागच्या जुन्या घरात राहणाऱ्या काशीमावशी दारातून डोकावल्या.

"रडतेस कशाला? गूळ जास्त झालाय. मूठभर तांदळाचं पीठ घाल, न्हाय फुटायचा."

मी पुन्हा मळलं आणि चौथा सोडला. तो जाळीदार, सोनेरी होऊन तुपावर शांत तरंगला. आम्ही दोघींनी टाळ्याच पिटल्या!

सासूबाईंनी चहाबरोबर एक खाल्ला, मग आणखी एक मागून घेतला.

"कसे केलेस गं? मला तीस वर्षांत जमले नाहीत," त्या म्हणाल्या.

आज वाटतं, नव्या सुनेसमोर हे कबूल करणाऱ्या त्या किती मोठ्या मनाच्या! पण खरं सांगू? जिंकल्याचा आनंद अजून तसूभरही कमी झालेला नाही.