उंबऱ्यावरचा भाकरतुकडा

"थांब माय, तिथंच थांब. आत येऊ नको."

काकूंच्या दारात आलेल्या प्रत्येकाने आधी हेच ऐकलेलं आहे. तीर्थपुरीत तुम्ही कधी त्यांच्याकडे गेला असतात, तर तुम्हीही ऐकलं असतं. मग त्या भाकरीचा तुकडा आणि तांब्याभर पाणी घेऊन येत, तुमच्यावरून ओवाळत, तुकडा रस्त्यावर टाकत आणि तुमच्या डोळ्यांना पाणी लावत. इतरांकडे हे लांबून आलेल्यांसाठीच करतात. काकूंना लांब-जवळ कळत नसे. आमचे हे जालन्याहून नुसता दात काढून आले, तरी दारात अडवले गेले.

मी इथल्या शाळेत शिक्षिका, त्यांची शेजारीण. काकू विधवा, एकुलती एक लेक कॅनडात. तिला आणि जावयाला तिथे कायम राहायची परवानगी मिळाली होती, नागरिकत्व मात्र मिळायचं होतं. त्यासाठी शेवटच्या पाच वर्षांतली तीन वर्षं प्रत्यक्ष त्या देशात काढलेली हवीत, मग अर्ज, परीक्षा आणि शेवटी शपथ. लेकीने फोनवर हे सांगितलं आणि काकूंनी त्याचं सरळ व्रत करून टाकलं. सोळा सोमवारांतला एक चुकला की पुन्हा पहिल्यापासून, तसंच हे.

"दिवाळीला येऊ का, आई?"

"बिलकुल न्हाई. नेम मोडंल."

मी समजावलं, "काकू, मोडत नाही. ती इकडे जितके दिवस राहील, तितकेच दिवस अर्ज लांबेल."

"बाई, ते तुमचं शाळेतलं गणित. देवाचं अन् सरकारचं येगळं असतंय."

पुढे लेकीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. काकूंनी हौसेने बाजसुद्धा नवीन विणून घेतली होती. लेक फोनवर रडत होती, "आई, मला तुझ्याकडं यायचंय. लांबलं तर लांबू दे."

"इतकं निभावलं, आता मोडू नको. नेम पुरा कर, मंग ये बिनघोर."

फोन ठेवून त्या डिंकाचे लाडू करायला बसल्या, तिकडे पाठवायचे म्हणून. त्या बाजेवर त्यांनी कधी कुणाला बसू दिलं नाही. एकदा मी सहज गेले, तर त्या एकट्याच बाज पुसत होत्या आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. मी तशीच मागे फिरले.

अखेर शपथ झाली. त्याचा व्हिडिओ काकूंनी माझ्या मोबाइलवर पाहिला. हात वर करून उभी असलेली लेक, जावयाच्या कडेवर नातू. काकूंनी मोबाइललाच हात जोडले आणि लगेच लेकीला फोन लावायला लावला.

"झाला माय नेम. आता जल्दी ये."

लेक म्हणाली, आपल्या देशात दोन नागरिकत्वं चालत नाहीत. जुना पासपोर्ट आता उपयोगाचा नाही. तिकडचा नवा येईल, मग इथला व्हिसा काढावा लागेल.

"माह्या दारात यायला तुला परवानगी लागंल? कोनाची?"

मग काकूच हसल्या. "जाऊ दे. मी ओवाळल्याबिगर कुनाला आत घेत न्हाई, मंग सरकारनं तरी काहून घ्यावं?" त्या दिवशी मात्र त्या जेवल्या नाहीत.

नवा पासपोर्ट यायच्या आतच काकू गेल्या. छातीत दुखायला लागलं, जालन्याला नेताना वाटेतच संपलं. लेकीने तिकडे बरीच धावपळ केली, पण कागद वेळेत झाले नाहीत. अग्नी पुतण्याने दिला. लेकीने तो फोनवर पाहिला. मला अजून राग येतो, पण कुणाचा ते सांगता येत नाही.

काही आठवड्यांनी ती आली. घर उघडं होतं, पुतण्या आतून "ये ना, ताई" म्हणत होता. ती मुलाचं बोट धरून उंबऱ्याबाहेर उभीच. स्वयंपाकघराच्या दिशेने बघत होती. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मी घरातून भाकरी आणि पाणी आणलं, दोघांवरून ओवाळलं, तुकडा रस्त्यावर टाकला, डोळ्यांना पाणी लावलं.

"आता चल आत," मी म्हणाले.

"मला कुणी थांब म्हणलंच नाही, बाई," ती म्हणाली आणि उंबऱ्यातच खाली बसली.