बायकांच्या बाजूचा पडदा

उमरग्याच्या जुन्या थिएटरबाहेर काल पाटी लागली: येत्या शनिवारी जाझ, रविवारी क्यूबाचं संगीत. मी लगेच कामं ठरवली: तिकिटं, आईची शाल, परतीची रिक्षा. एवढ्यात वीज गेली, आत कुणीतरी पेट्रोमॅक्स पेटवली. रॉकेलचा वास आला आणि मी निजामाच्या काळात, याच थिएटरात, आईशेजारी जाऊन बसले.

तेव्हा बायका पडद्याआड बसायच्या. सिनेमासाठी दिवे विझले की पडदा सरकवायचे, उजेड झाला की पुन्हा ओढायचे. त्या संध्याकाळी मात्र हैदराबादचे ट्रंपेटवाले आले होते. वाजवणं सुरू झालं तरी दिवे चालूच, म्हणून पडदाही तसाच. आई तर ते वाद्य डोळ्यांनी बघायलाच आली होती.

शेजारच्या रझियाखाला दरवानावर कडाडल्या, "आवाज तो घर बैठे बी आता! हम क्या पर्दा देखने आये?"

"दिवे असताना न्हाय उघडता येत, बाई."

"मग दिवे विझवा की!" हे आई म्हणाली. एवढ्या मोठ्यानं बोलताना मी तिला प्रथमच ऐकलं.

पुरुष हसले. पण बँडमास्तरांनी वाजवणं थांबवलं, स्टेजवरची एक बत्ती ठेवून बाकीच्या विझवायला लावल्या. पडदा सरकला. पितळ झळाळलं. आईनं माझा हात घट्ट धरला. वाद्य पाहून ती हरखली, असं मला तेव्हा वाटलं. आता वाटतं, आपलं म्हणणं कुणी ऐकलं, याचंच तिला नवल वाटलं असावं.

काल पाटी वाचून घरी आल्यावर विचारलं, "आई, तिकिटं कुठली काढू?"

"पुढची," ती म्हणाली. "दिव्याखालची."