दीड टन गारवा

दौंडला एसी दुरुस्त करणाऱ्या मामांच्या हाताखाली मी काम करतो. आठवीत शाळा सोडून नांदेडहून आलो, तेव्हा त्यांनीच ठेवून घेतलं. टन हा शब्द त्यांच्या तोंडात कायम. माझं तोंड उतरलं की म्हणतात, "काय रं, टनभर काळजी कुठनं आणतोस?" ऊसवाले शेतकरी हमखास विचारतात, "मामा, दीड टन म्हंजी भिंत पेलंल का?"

"आप्पा, ह्यो उसाचा टन न्हाई, गारव्याचा हाय!"

मागच्या उन्हाळ्यात निमोण्यात एक म्हातारे वारले. मुलगा दुबईहून दुसऱ्या दिवशी पोचणार होता. मामांनी दुकानातला स्वतःचा एसी काढून त्यांच्या खिडकीत बसवला आणि दाराशीच बसून राहिले. कुणी दार उघडलं की दटावायचे, "गारवा सांडू नका. पोराला बापाचं तोंड बघू द्या."

मुलगा आला आणि वडिलांच्या गालावर हात ठेवून रडला. मी अंगणात निघून गेलो.

माझे बाबा गेले तेव्हाही उन्हाळाच होता. घरच्यांनी दुपारपर्यंत वाट पाहिली. मी गावात पोचलो तेव्हा चिता विझत आली होती.