चाळिसावी काडी

पत्रकात नावं घ्यायला मी कधी घाबरलो नाही. कोणत्या कार्यालयात अर्ज किती दिवस पडून राहिला, कोणत्या साहेबानं म्हाताऱ्या माणसाला दारातूनच परत पाठवलं – सगळं नावानिशी छापलं. एक नाव मात्र दर वेळी गाळलं. घरी कोणाला माहीत नाही, संघटनेतल्या पोरांना माहीत नाही. आज तुम्हाला सांगतो. जरा फिरून फिरून येईन कदाचित – सरळ लिहायला बसलो की पेन दुसऱ्याच्याच अंगावर जातं. सवयच तशी लागली आहे.

तुम्ही आमच्या एखाद्या सभेला आला असाल तर ती गोष्ट ऐकली असेल. लहान गावांतल्या शाळा बंद करायच्या, पोरांना दुसऱ्या गावी धाडायचं आणि कागदावर लिहायचं – सरासरी अंतर अमुक, गैरसोय नाही. ह्याच्याविरुद्ध आम्ही आर्णी-महागावकडच्या तांड्यातांड्यांतून फिरतो. आणि मी उभा राहिलो की सांगतोच – आमच्या वर्गातली एक पोरगी पंच्याण्णव मिनिटं चालत शाळेत यायची. एका साहेबानं तिला तक्त्यातून पुसून टाकलं, आणि तिच्या तांड्यावर एसटी आली नाही ती नाहीच. इथं मी थांबतो. मग मी म्हणतो, ‘सरासरी म्हणजे साहेबाचं खोडरबर!’ टाळ्या पडतात. हे वाक्य पत्रकावर ठळक अक्षरात छापतो आम्ही.

त्या गोष्टीत पोरगी खरी आहे. तक्ता खरा आहे. साहेबही खरा. मग खोटं काय आहे?

थांबा. आधी मॅडमबद्दल सांगू द्या.

आम्हाला नववीत गणिताला पाठक मॅडम होत्या. यवतमाळच्या. घरात सगळे नोकरदार, त्यांची भाषा पुस्तकासारखी. रोज एसटीनं यायच्या आणि पदराची पिन सारखी करत वर्गात शिरायच्या. सांख्यिकीचा धडा आला तेव्हा फेब्रुवारी होता. कापूस घरात आला होता, शेतात नुसत्या पऱ्हाट्या उभ्या होत्या – कापसाची वाळलेली झाडं. मॅडम म्हणाल्या, उद्या प्रत्येकानं पऱ्हाटीची एक काडी आणायची, वीतभर. आणि घरून शाळेत यायला किती मिनिटं लागतात ते बघून यायचं. ज्याच्याकडे घड्याळ नाही त्यानं दुसऱ्याला विचारायचं, पण अंदाजे ठोकायचं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी व्हरांड्यात खडूनं दहा चौकोन आखले. शून्य ते दहा, दहा ते वीस, असे पार शंभरपर्यंत. ज्यानं त्यानं आपली काडी आपल्या चौकोनात ठेवायची. चार उभ्या, पाचवी त्यांच्यावर आडवी – झाला एक जुडगा. पुस्तकात ताळ्याच्या खुणा म्हणतात त्या आम्ही अशा हातानं शिकलो. अजूनही सभेत माणसं मोजायची झाली की मी मनात काड्याच ठेवतो, पाचवी आडवी.

पहिल्या चौकोनात चौदा. दुसऱ्यात पंधरा. तिसऱ्यात सात, चौथ्यात तीन. मग एकामागून एक पाच चौकोन रिकामे. आणि शेवटच्या चौकोनात, पार पाण्याच्या टाकीजवळ, एक काडी. कविता राठोडची.

‘मॅडम, हे तं चालत चालत यवतमाळलेच पोचली!’ कोणीतरी ओरडलं.

‘मग माझी काडी कुठे ठेवू?’ मॅडम म्हणाल्या.

‘तुमची ठेवली तं व्हरांडाच पुरत नाही, मॅडम!’

केवढे हसलो होतो आम्ही. कविताही हसली. खडूची धूळ, काड्यांचा तो वाळका वास, टाकीच्या नळाची टपटप – डोळे मिटले की अजून त्या व्हरांड्यात जाता येतं. माझ्या शाळेतला सगळ्यात सुंदर दिवस कोणता, विचारलं तर हाच सांगीन. म्हणूनच तर जास्त लागतं.

मॅडमनी मोठ्यातून लहान वजा करायला लावलं. सगळ्यात कमी चार मिनिटं – ती माझी, घर शाळेच्या मागेच. सगळ्यात जास्त पंच्याण्णव. विस्तार एक्क्याण्णव. म्हणजे माझ्या घरापासून कविताच्या तांड्यापर्यंत. मॅडम म्हणाल्या, ‘सरासरी काढायला सोपी असते, पण ह्या रिकाम्या चौकोनांकडे आधी बघा.’

मग सरासरी. फळ्यापाशी मला बोलावलं, कारण वर्गात गणितात मी पहिला आणि अक्षरही माझंच चांगलं. वर्गमध्य गुणिले वारंवारता, बेरीज सहाशे सत्तर. इथवर ठीक. पुढं मी त्या बेरजेला भागलं दहानं – चौकोन दहा होते म्हणून. उत्तर सदुसष्ट. खाली दुहेरी रेघ मारली, ऐटीत.

मागच्या बाकावरून कविता बोलली. ‘मॅडम, माह्याशिवाय कोनालेच चाळीसच्या वर लागत नाही. मंग सरासरी सदुसष्ट कशी येईन?’ आणि थांबून – ‘पोरं चाळीस हायेत. चाळीसनं भागा लागते ना?’

पावणेसतरा. तिनं जागेवरूनच सांगितलं. सगळा वर्ग माझ्याकडे बघून खिदळला. दुपारपर्यंत माझं नावच पडलं – सदुसष्ट.

एवढंच. एवढ्याशा गोष्टीसाठी? – असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटतं. पण एवढंच होतं.

मॅडमना तो तक्ता नुसता धड्यासाठी नको होता. सकाळची एसटी फाट्यावरून सरळ निघून जायची. ती आत तांड्यापर्यंत वळवा, असा अर्ज त्यांनी लिहिला होता. शाळेच्या प्रदर्शनाला आगारातले एक साहेब यायचे होते, त्यांच्यापुढं तक्ता मांडायचा, अर्ज द्यायचा. तांड्यावरून तेव्हा आमच्या शाळेत कविता एकटीच यायची. तिच्या मागच्या पोरी चौथीनंतर घरीच बसायच्या, गाडी नाही म्हणून. मॅडमनी हे आम्हाला नीट समजावून सांगितलं होतं. म्हणजे मला माहीत होतं. हे वाक्य पुन्हा लिहितो – मला माहीत होतं.

चार्ट काढायचं काम माझं. दोन दिवस घरी बसलो, स्तंभ रंगवले. निळा, हिरवा, पिवळा, लाल. चार स्तंभ, भरगच्च. आणि चाळीसवर थांबलो.

मनाला काय सांगितलं? की कागद पुरत नाही. दहा रकाने काढले तर स्तंभ काडीसारखे होतील, मधे पाच रिकामे राहतील, चार्ट बोडका दिसेल. खाली एकूण वारंवारता लिहिली एकोणचाळीस. सरासरी नव्यानं काढली, बरोबर भागली ह्या खेपेस – पावणेपंधरा. कविता काढली तर सरासरी किती हलली? जेमतेम दोन मिनिटं. रोजची पंच्याण्णव मिनिटं, त्यांची किंमत दोन. मला तर आनंद झाला होता – दोन मिनिटांनी कोणाचं काय बिघडतं?

प्रदर्शन सकाळी लवकर ठेवलेलं. साहेब आले तेव्हा मी चार्ट नुकता टांगला होता, मॅडमनी धड पाहिलाही नव्हता. विश्वास होता माझ्यावर. साहेबांनी अर्ज वाचला, चार्ट वाचला. वाईट माणूस नव्हता तो. शांतपणे म्हणाला, ‘मॅडम, चाळीस मिनिटांच्या वर तर एकही पोरगं नाही इथं. मग गाडी आत वळवायची कोणासाठी?’

मॅडम चार्टकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे. आणि तेव्हाही – बघा, तेव्हाही वेळ होता. खडू समोर होता. मी म्हणालो, ‘मॅडम, कवितानंच सांगतलं होतं, मले नोका टाकू म्हणून. लाज वाटते म्हणे तिले.’

हे ते खोटं. साहेबानं काही पुसलं नाही. मॅडम तिच्याबद्दल सांगू लागल्या, तेव्हा ‘तक्त्यात नाही ते मला धरता येत नाही’ म्हणून त्यानं अर्ज परत दिला. मी लिहिलेलं वाचलं, बस.

कविता आली तेव्हा साहेब निघून गेले होते. कार्यक्रम लवकर होता ना – पंच्याण्णव मिनिटं आधी निघायचं म्हणजे अंधारातच. मॅडमनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, ‘अगं, लाज कशाची वाटायची त्यात?’ तिला काही कळेना. मग तिनं चार्ट पाहिला. एकेका स्तंभावर बोट ठेवत गेली. चौदा, पंधरा, सात, तीन.

‘एकोणचाळीस,’ ती म्हणाली. माझ्याकडे बघून.

आणि वर्गात निघून गेली. मॅडमना वाटलं, पोरगी लाजली. चाळिसावी काडी कोणी उचलली ते तिला कळलं होतं, मला कळलं होतं. नववीचं वर्ष संपेपर्यंत ती चालत आली. दहावीच्या पहिल्या दिवशी आली नाही. नंतरही नाही. महागावकडं दिली तिला, असं ऐकलं. खरं सांगून गाडी वळली असती का? माहीत नाही. हे ‘माहीत नाही’ मी बारा वर्षं उशाशी घेऊन झोपलो.

मागच्या महिन्यात मॅडमचा फोन आला. निवृत्त झाल्या आता. आमचं पत्रक कोणीतरी त्यांना दिलं होतं. आवाज तोच. ‘अरे, कविता स्वतःच नको म्हणाली होती ना? मग साहेबानं पुसलं असं का लिहिलंस?’

बघितलंत? एका खोट्यातून सुटायचं तर दुसरं कबूल करावं लागत होतं. ‘लोकांना समजायला सोपं जावं म्हणून, मॅडम,’ मी म्हणालो. त्या म्हणाल्या, ‘तुझा चार्ट अजून आहे माझ्याकडं. सुंदर होता रे. घेऊन जा.’

यवतमाळला गेलो. चहा घेतला. त्यांनी वर्गातल्या एकेकाची विचारपूस केली, व्हरांड्यातल्या काड्यांची आठवण काढून हसल्या. मीही हसलो. सांगितलं नाही. गुंडाळी काखेत घेऊन बसमध्ये बसलो.

ज्या ज्या गावात ती गोष्ट सांगितली त्या गावांत आता हे छापून वाटणार आहे. तक्त्यातून कविता राठोडला काढलं ते मी. तिच्या तोंडी खोटं घातलं ते मी. साहेबाला गुन्हेगार करून टाळ्या घेतल्या त्याही मीच. पहिली प्रत मॅडमच्या हातात.

आज चार्ट जमिनीवर पसरला. रंग विटले आहेत, अक्षर अजून चांगलं आहे. चार स्तंभ, पंधरा-पंधरा सेंटीमीटर रुंद. पट्टी लावून मोजलं. सहा-सहाचे केले असते, तर दहा बसत होते.