मामेसासऱ्यांचं स्टेशन

औरंगाबादला बघण्यासारखं काय, असं विचारलं की जग मकबऱ्याचं नाव घेतं. माझे मामेसासरे मात्र आपल्या गावच्या रेल्वे स्टेशनचं घेत. निजामाच्या काळातली दोन खोल्यांची दगडी इमारत, पुढं एक लिंब आणि दिवसाकाठी थांबणाऱ्या चार गाड्या. तिथंच तिकीटबाबू म्हणून मामांची नोकरी संपली, जीव मात्र तिथंच राहिला. थोरल्या मुलीला बघायला मंडळी आली, तर त्यांनाही आधी स्टेशन दाखवायला नेलं. मुलाचा बाप कंटाळून म्हणाला, "मुलगी कधी दाखवता?" मामा म्हणाले, "पोरगी काय, घरीच हाय. आधी हा दगड तर बघा!" सोयरीक फिसकटली. मामींनी आठ दिवस अबोला धरला. मामांना तो आठव्या दिवशी कळला. गाडी उशिरा आली म्हणून कुणी कुरकुरलं, तर त्याला उत्तर ठरलेलं: "उशीर गाडीला झाला. स्टेशन तर वक्तावर जाग्यावर हाय ना?"

या स्टेशनचा इतिहास ते लिहीत होते, तोही उर्दूत. शिक्षण निजामी राजवटीत झालेलं. पोलीस ॲक्शननंतर कचेऱ्यांची भाषा बदलली, मामांची लेखणी बदलली नाही. घरात कुणालाच ते वाचता येत नव्हतं. पुढं ब्रॉडगेजचे रूळ टाकताना इमारत पाडणार असं कळलं, तेव्हा मामा वह्या घेऊन रेल्वेच्या साहेबांकडे गेले. साहेबांनी पानं उलटली आणि म्हणाले, "बाबा, हे मराठीत आणा, मग बघू."

मामा थेट औरंगाबादला, उस्मानपुऱ्यात माझ्या घरी आले. "जावईबापू, मी वाचतो, तुमी लिवा. लई नाय, दहा-बारा रविवार लागतील."

मी चार रविवार गेलो. राजेरजवाड्यांचं त्यात काहीच नव्हतं. पोलीस ॲक्शननंतर जुने स्टेशनमास्तर बायकापोरांना घेऊन हैदराबादला निघाले, त्या दिवसाचं पान आलं. झेंडी दाखवायला दुसरं कुणी उरलं नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतःच आपल्या गाडीला हिरवी झेंडी दाखवली आणि पळत जाऊन डबा गाठला. मामा तेव्हा विशीतले, अजून नोकरीला लागले नव्हते; नुसतेच फलाटावर उभे होते. वाचता वाचता मामांनी वही मिटली.

"लिवा," म्हणाले, "पळताना त्यांची टोपी पडली. कुणी उचलली नाय. मी बी नाय."

पाचव्या रविवारी मला कंपनीत ओव्हरटाइम होता. सहाव्याला नुसता आळस. मग जाणं राहिलंच. इमारत पाडली, तेव्हा मामा बघायला गेले नाहीत. वर्षाच्या आत तेही गेले.

वह्या मामींनी माझ्याकडे दिल्या. कितीतरी दिवसांनी, शेजारच्या निवृत्त उर्दू शिक्षकांकडून शेवटचं पान वाचून घेतलं. वाटलं, पाडापाडीबद्दल काही कडवट लिहिलं असेल. शिक्षक म्हणाले, "इतकंच आहे. 'आजही रविवार. जावईबापू आले नाहीत. काम असेल बिचाऱ्यांना.'"