टॉवर मागे सुटला

साठी ओलांडल्यावर बाईमाणूस गाडी शिकलं की घरातले सगळे वाहतूक पोलीस होतात. यांच्या डोळ्यांमुळे डॉक्टरांनी यांचं ड्रायव्हिंग बंद केलं, मी क्लास लावला, लायसन्स काढलं आणि नानाखेड्यातल्या आमच्या कॉलनीत महिनाभर मिरवून घेतलं. मग बेंगळुरूहून आमच्या चिरंजीवांचा, चिन्मयचा फोन आला. एक तारखेपासून ड्रायव्हर येणार म्हणे. बरीच वादावादी होऊन शेवटी अट ठरली. उज्जैन ते मांडू आणि परत, गाडी मी चालवायची. गाडीचा ठिपका त्याच्या मोबाईलवर सतत दिसला तर ड्रायव्हर रद्द, मध्येच हरवला तर ड्रायव्हर कायमचा. मी बँकेत जन्मभर लोकांच्या सह्या पडताळल्या, आता मला एक ठिपका पडताळणार होता.

आमच्या जुन्या गाडीत इंटरनेट कुठलं? म्हणून फ्रीगंजच्या दुकानातून स्टिअरिंगखाली बसणारी डबी आणली. तिच्यात सिम घालायचं, ती गाडीचा ठावठिकाणा नेटवरून कळवत राहते. थ्री-जीची डबी निम्म्या किमतीत मिळत होती, पण दुकानदारानेच अडवलं. "आंटीजी, मत लो. कंपनियाँ थ्री-जी बंद करती जा रही हैं, डिब्बी शोपीस बन जाएगी."

"तो फाइव-जी दे दो," मी रुबाबात म्हटलं.

"पता भेजने में डेटा लगता ही कितना है? फोर-जी बहुत है. बस सिम वो डालना जो आपके रास्ते पे चले. शहर में तो सबका चलता है."

कुठेही जाणार असाल तर हे वाक्य वहीत उतरवून ठेवा. मी उतरवलं नाही. माझा फोन ज्या कंपनीचा, तिचंच नवं सिम डबीत घातलं. सोबतीला वसुताई होत्या, माझ्या मोठ्या नणंद, भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. त्यांची कंपनी दुसरी आणि अभिमान जाज्वल्य. कंपन्यांची नावं इथे लिहीत नाही, मला याच घरात राहायचं आहे.

सकाळी सहाला निघालो. फ्रीगंजमध्ये पोहे-जिलबी खाल्ली, पोह्यांवर जिरावनचा मसाला भुरभुरलेला, दोघींचं मिळून शंभराच्या आत. टॉवरला वळसा घातला, क्षिप्रा ओलांडली आणि बडनगरचा रस्ता धरला. बाहेरच्यांसाठी सांगते, उज्जैनमध्ये टॉवर म्हणजे फ्रीगंजचा घड्याळाचा मनोरा. रिक्षावाल्याला नुसतं "टावर" म्हटलं तरी पुरतं. इंदूरवरूनही मांडूला जाता येतं, पण त्या गर्दीत शिरायची माझी तयारी नव्हती.

पाच-सहा किलोमीटर गेलो असू, तोच डबीच्या कंपनीतून फोन आला. वसुताईंनी स्पीकर लावला.

"मैम, टावर मिल रहा है?"

"हाँ, मिला था. पीछे छूट गया," वसुताई म्हणाल्या.

"कितना पीछे?"

"होगा पाँच-छह किलोमीटर. हम तो बडनगर जा रहे हैं, अब कल तक टावर कहाँ?"

"तो मैम, सिम बदलना पड़ेगा."

"टावर का सिम से क्या लेना-देना? उसमें तो घड़ी लगी है."

त्या मुलीने इमानदारीत तक्रार नोंदवली. पाच मिनिटांत चिन्मयचा फोन. "आई, कंपनीचा मेसेज आलाय, गाडीला टॉवर मिळत नाहीये. अट लक्षात आहे ना?" वसुताईंनी सगळा संवाद जसाच्या तसा म्हणून दाखवला. पलीकडे पोरगं असं हसलं की मला गाडी कडेला घ्यावी लागली.

बडनगर, बदनावर, धार, ठिपका जागेवर होता. दोन्ही मोबाईल समोर लावून वसुताई दर दहा किलोमीटरला दोन्हींच्या रेंजच्या कांड्या वहीत टिपत होत्या. "तू रोडकडे बघ, मी लिहून राहिलीये ना," हे त्यांनी किमान वीस वेळा सांगितलं. बदनावरपासूनच त्यांची कंपनी पुढे होती. धारला दाल-बाफले खाल्ले. अर्धी थाळी मागवा, पुढे गाडी चालवायची असते.

मांडूच्या अलीकडे घाट लागतो, काकडा खोहची दरी दिसते, आणि तिथे माझ्या कंपनीने मान टाकली. वसुताईंच्या मोबाईलवर मात्र दोन कांड्या. पुढच्या वळणावर रस्ता अरुंद झाला आणि समोरून बस आली. मागे घेणं मलाच भाग होतं. रिव्हर्स म्हणजे माझा कच्चा विषय, क्लासचे सर त्यासाठी हात जोडायचे. वसुताई खाली उतरल्या. "येऊ दे, येऊ दे. डावीकडे काट. अजून. बस, बस, बस." घामाघूम होऊन चाळीसेक मीटर मागे आले. बसच्या ड्रायव्हरने जाताना हात वर केला. खरं सांगते, त्या वेळी बेंगळुरूहून मला कोणी बघत नाहीये याचा फार आनंद झाला. आम्ही दोघी तिथेच उभ्या राहून वाटेत घेतलेली मांडूची आंबटढाण चिंच चोखत वेड्यासारख्या हसलो.

वर गावात रेंज आली आणि फोन वाजला. "आई, पंचवीस मिनिटं ठिपका नव्हता," चिन्मय म्हणाला. मी हरले हे मला कळलं, रडूच आलं. पण डबी मोठी गुणाची. नेट नसलं की वाट पोटात साठवते आणि नेट आलं की पाठवते. "आत्ता सगळी रेघ उमटली," तो म्हणाला. "या वळणावर मागे का गेलीयेस?"

"बस आली समोरून."

"रिव्हर्स घेतलास? घाटात?"

"मग काय बसने घ्यायचा?"

"सांभाळून ये," एवढंच म्हणाला. ड्रायव्हरचं काय ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मांडूला एक मुक्काम पुरतो, जहाज महाल सकाळी बघा. निघण्यापूर्वी मी कानातल्याच्या दांडीने सिमं बदलली. वसुताईंचं डबीत, डबीचं वसुताईंच्या फोनमध्ये. परतीच्या घाटात डबीचा हिरवा दिवा क्षणभरही विझला नाही आणि वसुताईंनी बदनावरपर्यंत दुसरा विषय काढला नाही. पेट्रोल जाऊन-येऊन दोन हजारांच्या थोडं वर.

उज्जैनमध्ये शिरलो तेव्हा चिन्मयचा फोन. "आई, टॉवर आला का?"

"म्हणजे काय? तुला दिसत नाहीये?"

"ॲप सकाळीच काढून टाकलं. ड्रायव्हरलाही नाही म्हणून कळवलंय. फ्रीगंजचा टॉवर विचारतोय."

"समोरच आहे," मी म्हटलं. घड्याळ मला जरा पुसटच दिसत होतं.

डबी अजून गाडीतच आहे, वसुताईंच्या कंपनीचं नवं सिम घालून. ॲप आता फक्त यांच्या मोबाईलवर. रस्ते यांना नीट दिसत नाहीत, पण ठिपका बोटांनी मोठा केला की दिसतो. मी भाजी घेऊन निघते, ठिपका टॉवरवरून घराकडे वळला की हे आधण ठेवतात. मी पोचते तेव्हा चहा गाळून तयार असतो.